बाटलीतला गंज

2025 च्या जुलैमध्ये शुनसाकू तामिया गेले, वयाच्या 90 व्या वर्षी. जपानच्या शिझुओका शहरात वडिलांनी सुरू केलेल्या लाकडाच्या व्यवसायातून वाढलेली त्यांची प्लास्टिक मॉडेलांची कंपनी पुढे जगभरच्या रणगाडावेड्यांच्या टेबलावर जाऊन बसली. त्याच पावसाळ्यात मॉडेलांच्या एका प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेला पँथर हा जर्मन रणगाडा पाहिला. खाली पाटी होती : कुर्स्क, जुलै 1943. गाडी मात्र नखशिखान्त गंजलेली. पँथरचं उत्पादनच सुरू झालं 1943 च्या जानेवारीत. जेमतेम सहा महिन्यांच्या गाडीवर वीस वर्षांचा गंज आला कुठून? परीक्षकांपैकी एकानेही विचारलं नाही. तामियांच्या जाण्याची हळहळ आणि हा संताप एकदमच मनात साठला, म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो. तामियांचा 1:35 प्रमाणातला पहिला रणगाडा 1961 च्या अखेरीस आला, तोही पँथरच. हे प्रमाण ठरलं बॅटऱ्यांमुळे. मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढी गाडी त्यांना हवी होती. पुढे खऱ्या गाड्या डोळ्यांखालून घालायला तामिया स्वतः अमेरिकेत अ‍ॅबरडीनच्या लष्करी संग्रहालयात गेले. सत्तरच्या दशकात शिकागोच्या शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसोबतच्या पत्रकांतून देखाव्यातून गोष्ट कशी सांगायची ते दाखवलं. ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रश सर्वदूर नेले. पातळ केलेला गडद रंग खाचांत सोडायचा, तो सुकला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग कडांवर घासायचा. आम्हा पुण्याच्या मॉडेलवाल्यांपर्यंत हे सगळं उशिरा पोचलं, तेही रद्दीत सापडलेल्या परदेशी मासिकांच्या सुट्या पानांतून.

आमचं दशक नव्वदचं. पुण्यात तेव्हा किट हाती लागे ते कुणाचा मामा आखातातून किंवा इंग्लंडहून आला तर. हम्ब्रॉलच्या रंगाची डबी तळ खरवडेपर्यंत पुरवायची. बाकी सगळं इथलंच. वॉशसाठी कॅमलच्या तैलरंगातली बर्न्ट अंबरची ट्यूब आणि टर्पेंटाइन. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन गाड्यांना झिमेरिटचा खडबडीत लेप देत. आमचं झिमेरिट म्हणजे एम-सील. ते पातळ थापायचं आणि घट्ट व्हायच्या आत बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकाखाली एक ओळी दाबत जायच्या. ताडपत्री म्हणजे फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर. हँडलं जळक्या मोटारीच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेची. अँटेनासाठी स्प्रूचा, म्हणजे किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर धरून, मऊ झाला की अलगद ओढायचा. रविवारी सकाळी कुणाच्या तरी गच्चीवर आमचा कट्टा जमायचा आणि एका धूसर फोटोवरून दुपारपर्यंत वाद चालायचा : हा चिखल ओला की वाळलेला?

त्या दशकात जीव ओतून केलेलं काम म्हणजे सेंच्युरियन. पूना हॉर्स ही पुण्याचं नाव लावणारी रेजिमेंट. तिचे दोन परमवीर, 1965 मध्ये फिलौराला लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि 1971 मध्ये बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघेही सेंच्युरियनमधून लढले. खेत्रपालांच्या गाडीचं नाव होतं फामागुस्ता. आमच्याकडे आलं ते कोरियन युद्धातल्या ब्रिटिश मार्क 3 चं किट. त्या गाडीच्या तोफेची नळी सरळसोट. पुढच्या काळातल्या नळीवर मात्र बार उडाल्यानंतरचा धूर टरेटमध्ये परतू नये म्हणून एक फुगवटा बसवलेला असतो. बॉलपेनच्या रिकाम्या कांडीचा तुकडा कापून तो नळीवर चढवला, दोन्ही टोकांना एम-सीलचा उतार दिला आणि बोटाला जोड जाणवेनासा होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला.

1994 मध्ये नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू झालं आणि आम्हाला पंढरी सापडली. एस.टी.ने सकाळी निघायचं, गाड्यांभोवती फिरून वह्या भरायच्या, रात्री परत. तिथल्या गाड्यांवर रंगाचे नवे हात दिलेले, त्यामुळे आकार तिथे कळला, झीज कळली नाही. ती शिकवली आमच्या पेठेतल्या एका निवृत्त दफेदारकाकांनी. त्यांनी आमचं मॉडेल हातात घेऊन एकेक जागा दाखवली. रोज चालणाऱ्या गाडीच्या ट्रॅकवर गंज टिकत नाही, जमिनीला घासून लोखंड लखलखतं. रंग उडतो तो जवान बूट टेकवून वर चढतात तिथे आणि हॅचच्या कडेला. पेट्रोल ओतायच्या तोंडाशी धूळ भिजून काळपट डाग पडतो. उभ्या पत्र्यावरची धूळ झडते, आडव्यावरची साचते. आमच्या सेंच्युरियनवर पुढच्या फेंडरपाशी बुटाएवढीच जागा झिजलेली दाखवली होती. त्याहून खरं काम आमच्या कट्ट्यावर कधी झालं नाही.

दोन हजार सालानंतर स्पेनची लाट आली. मिग हिमेनेझ आणि अ‍ॅडम वाइल्डर यांच्यासारख्यांनी फिल्टर (सगळ्या गाडीवरून फिरवलेला अगदी पातळ रंग) आणि पिगमेंट (धूळ दाखवायची रंगपूड) यांना शास्त्राची शिस्त लावली. त्यांच्या नजरेबद्दल मला आदरच आहे. हेअरस्प्रेची युक्तीही अस्सल : गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा रंग, मग पाण्याने ओलावून ब्रशने खरवडायचं, रंगाचे पोपडे अगदी खऱ्यासारखे निघतात. बिघडलं ते अनुकरणात. मॉड्युलेशनच्या नावाखाली एकाच पत्र्याचं वरचं टोक उजळ आणि खालचं काळं रंगवायची टूम निघाली. फोटोत ती खुलते, पण उन्हात उभा असलेला रणगाडा तसा कधीच दिसत नाही. हे म्हटलं की आम्हाला जुनाट ठरवलं गेलं. मी आजही तेच म्हणतो. 2006 मध्ये हम्ब्रॉल कंपनी बुडाली, नाव हॉर्नबीने विकत घेतलं. आमचा कट्टाही त्याच सुमारास पांगला. कुणी अमेरिकेत, कुणी बंगळुरात.

आता सगळं तयार मिळतं. धातूची नळी, थ्रीडी प्रिंटरमधून निघालेले ट्रॅक, बाटलीत ओला चिखल, बाटलीत पावसाचे ओघळ, बाटलीत गंज. वस्तूंशी माझं भांडण नाही. या नळ्या आम्हाला मिळत्या तर आम्हीही हौसेने लावल्या असत्या. भांडण आहे ते बघणं सुटल्याबद्दल. टंचाईने आमच्यावर बघण्याची सक्ती केली होती. धूळ स्वतः कालवायची तर ती कुठे बसते हे आधी शोधावं लागे. बाटलीवर मात्र कसं लावायचं ते छापलेलं असतं. का लावायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून हल्ली वाळवंटातली गाडी आणि बर्फातली गाडी सारखीच मळलेली दिसते.

परीक्षकांकडे मागणं एवढंच : प्रत्येक मॉडेलला त्याची तारीख विचारा. गाडी किती महिन्यांची, कुठल्या मातीतून आली, हा ओरखडा कशाने पडला? उत्तर नसेल तर कितीही देखणं काम असो, बक्षीस देऊ नका. नव्या पोरांनी नगरला जावं, गाडीभोवती हवं तेवढं हिंडावं आणि जवळपासच्या एखाद्या माजी सैनिकाला आपलं मॉडेल दाखवावं. या गाड्यांमध्ये माणसं बसली होती, त्यांतली काही परतली नाहीत. त्यांच्या गाडीवर कधी न आलेला गंज शोभेसाठी चढवणं म्हणजे त्यांच्याविषयी खोटं सांगणं आहे.