फिनिक्सचं वार्तापत्र : टायरवरचे चार आकडे

ऑक्टोबर लागला की आमच्या अ‍ॅरिझोनात पाखरं उतरायला लागतात. मिनेसोटा, डकोटा, पार कॅनडातले निवृत्त लोक बर्फ पडायच्या आत घराला कुलूप घालून दक्षिणेला निघतात. इथे त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. पिकअपच्या मागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडलेला असतो. म्हणजे चार चाकांवरचा एक डबा, आणि आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास सगळं. फिनिक्सपासून सव्वाशे मैलांवर क्वार्टझाइट नावाचं वाळवंटी गाव आहे. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं, आणि जानेवारीत हेच डबे क्षितिजापर्यंत पसरलेले दिसतात. आम्हीही तीन वर्षांपूर्वी असा एक जुना डबा घेतला आणि जत्रेत सामील झालो.

एवढं घर ओढायला लायसन्स कोणतं लागतं? साध्या कारचंच चालतं. टायर तपासायला सरकारी माणूस? कोणी येत नाही. आंतरराज्य 10 क्रमांकाच्या महामार्गावर, गावाबाहेर, वेगाची मर्यादा ताशी 75 मैल, म्हणजे सुमारे 120 किलोमीटर. क्वार्टझाइटच्या पुढे वीसेक मैलांवर कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियात शिरलात, की ट्रेलर ओढणाऱ्यांना तीच मर्यादा 55 होते. डबा तोच, टायरही तेच, पण नदीगणिक कायदा निराळा. आणि बहुतेक जुन्या ट्रेलर-टायरांची स्वतःची मर्यादा 65 मैल! हा देश तुम्हाला सहसा अडवत नाही. तो सगळं त्या वस्तूवरच छापून ठेवतो. वाचलं नाहीत, तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मी वाचलं नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत क्वार्टझाइटला जाताना सत्तरच्या वेगात होतो. मागे बार फुटल्यासारखा आवाज झाला आणि आरशात रबराच्या चिंध्या उडताना दिसल्या. त्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा फाडला आणि डब्याखालचा पाण्याचा पाइपही नेला. अडीच तास रस्त्याकडेला गेले. मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्याला मी सवयीने "स्टेपनी आहे" म्हणालो, तर तो बघतच राहिला. वेल्समधल्या स्टेपनी स्ट्रीटवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जादा चाक विकणारी कंपनी निघाली. तिचं नाव आपण अजून जपून ठेवलंय, अमेरिकेत मात्र ते कोणाला ठाऊक नाही.

मुक्कामी पोचल्यावर शेजारच्या डब्यातले आजोबा आले. रेल्वेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. गुडघ्यावर बसून त्यांनी उरलेल्या टायरांवर बॅटरीचा झोत टाकला. मी म्हणालो, "नक्षी तर नव्यासारखी आहे." ते म्हणाले, "नक्षी सोडा, जन्मतारीख वाचा." डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते : 3116. म्हणजे 2016 सालचा एकतिसावा आठवडा. टायर साडेआठ वर्षांचे झाले होते, आणि त्यातले बहुतेक दिवस अंगणात, 45 अंशांच्या उन्हात उभे राहण्यात गेले होते. कारचं टायर धावून झिजतं, ट्रेलरचं उभं राहून म्हातारं होतं. नक्षी शाबूत राहते आणि आतलं रबर सुकत जातं. पाच-सहा वर्षांनी ते बदलायचंच, असं इथले जाणकार सांगतात.

मग निवडीचा प्रश्न आला. ट्रेलरच्या टायरावर आकाराआधी 'एसटी' ही अक्षरं लागतात. कारच्या टायरापेक्षा त्याची बाजू ताठ असते, कारण तिला ओझं पेलायचं असतं आणि वळणावर आडवं फरफटत जायचं असतं. दोन आस एकमेकांना खेटून असले, की अरुंद वळणात चारही चाकं अक्षरशः घासली जातात. माझ्या टायरांचा आकार 205/75, रिम 14 इंची आणि भारश्रेणी 'सी' होती. 50 पीएसआय हवेला प्रत्येकी 1,760 पौंड, म्हणजे चारांचे मिळून 7,040. डब्याचं कमाल वजन? 7,000 पौंड! कारखान्याने किती काटेकोर हिशेब केला होता बघा. थोडा भार पिकअपच्या हुकावर जातो हे खरं, पण डब्याची एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा जड असते. आमची स्वयंपाकघराची बाजू जड आहे, आणि त्यात बायकोचा दगडी खलबत्ता. फुटलेलं टायर त्याच बाजूचं होतं.

उपाय सोपा निघाला. आकार तोच ठेवून भारश्रेणी 'डी' घेतली. 65 पीएसआयला एकेक टायर 2,040 पौंड पेलतं. फक्त तेवढी हवा रिमला सोसते का, हे रिमवरच्या शिक्क्यात बघायचं आणि रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे बसवायचे. स्वस्त आयात टायरांना इथे 'चायना बॉम्ब' म्हणतात. गुडइयरने 2017 साली अमेरिकेत बनवलेलं 'एन्ड्युरन्स' टायर आणलं, तेव्हा या मंडळींनी त्याचं जोरात स्वागत केलं. माझ्या मते बॉम्बची वात निम्म्या वेळा मालकच लावतो. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, दुमडण्याने तापते आणि शेवटी फाटते. म्हणून हवा सकाळी, चाक थंड असताना, पूर्ण भरायची.

शहरातली टायरवाली दुकानं एवढा डबा आत घ्यायला नाखूश असतात. म्हणून चाकं घरीच काढून पिकअपमध्ये टाकून नेली. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. पलीकडच्या चाकांना ओट लावायची आणि जॅक आसाखाली न लावता चौकटीखाली लावायचा, कारण आस वाकतो. बसवताना नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. मग 10, 25 आणि 50 मैलांवर थांबून पुन्हा तपासले. दुसऱ्या थांब्यावर दोन नट खरंच सैल सापडले.

आता चारही टायरांवर 0425 आहे. पाचवं चाक मी शेवटी पाहिलं. एकदाच, त्या दिवशी, जमिनीला लागलेलं, कोरं करकरीत. त्यावरही 3116 होतं. भारतातल्या टायरांवरही हे चार आकडे असतात. तुमच्या डिकीतल्या स्टेपनीवरचे आज एकदा वाचून या.