सेकंडहँड लॅपटॉपची कुंडली

‘आय सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, एसएसडी टाकलीय. एकदम मक्खन चालतो!’ लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जाहिरातीत जुना लॅपटॉप शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. लॅपटॉप २०११ चा आणि गोष्टी आजच्या. मग खरंच काही अपग्रेड झालंय, की नुसता स्टिकर बदललाय? आपण ट्यूशन घेऊन, पार्टटाइम करून साठवलेले पैसे मोजणार असू, तर हे तपासायलाच हवं.

उदाहरण घेऊ लेनोवोच्या थिंकपॅड एक्स २२० चं. २०११ मध्ये आलेलं, साडेबारा इंची स्क्रीनचं हे मॉडेल. जुन्या सात ओळींच्या कीबोर्डमुळे आजही त्याचे फॅन आहेत.

आधी जन्मपत्रिका

लॅपटॉप उलटा करा. खालच्या लेबलवर मशीन टाइप आणि सिरियल नंबर असतो. हा नंबर लेनोवोच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन कोणतं ते कळतं आणि सहसा मूळ पार्ट्सची यादीही मिळते. मग लॅपटॉप सुरू होताना एफ वन दाबून बायोसमध्ये जा. तिथला सिरियल नंबर लेबलशी जुळतो का? नसेल जुळत, तर मदरबोर्ड किंवा खालचं कव्हर दुसऱ्या मशीनचं आहे.

प्रोसेसर आणि रॅमही बायोसमध्येच बघा. विंडोजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव बदलता येतं, आणि ‘आय सेव्हन’चा स्टिकर तर सुटाही मिळतो.

शक्य काय, अशक्य काय

एक्स २२० चा प्रोसेसर बोर्डवर सोल्डर केलेला असतो. त्यामुळे ‘प्रोसेसर अपग्रेड केलाय’ असं कुणी म्हणालं, तर एक तर अख्खा मदरबोर्ड बदललाय किंवा ती थाप आहे. याच्याच मोठ्या भावात, टी ४२० मध्ये, प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो. तिथे हे शक्य आहे.

रॅमचे स्लॉट दोन. कंपनीने अधिकृत मर्यादा आठ जीबी सांगितली होती, पण आठ-आठच्या दोन डीडीआर थ्री पट्ट्या लावून सोळा जीबी नीट चालते. ‘बत्तीस जीबी’ म्हणणाऱ्याला मात्र हसून नमस्कार करा.

हार्ड डिस्कच्या जागी सात मिलिमीटर जाडीची एसएसडी बसते. शिवाय आत एमसाटा स्लॉट आहे, त्यामुळे दोन ड्राइव्ह असणंही शक्य आहे. वायफाय कार्डाची गंमत वेगळी. बायोस फक्त ठरावीक कार्डंच स्वीकारतो. यादीबाहेरचं नवं कार्ड चालत असेल, तर बायोसमध्ये कुणीतरी फेरफार केलाय, हे नक्की. हे काम कुणी केलं आणि कसं, हे विचारून घ्या.

आतला पुरावा

सीपीयू-झी हे फ्री सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्यातल्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक रॅमपट्टीची कंपनी आणि बहुतेकदा ती बनल्याचा आठवडा-वर्षही दिसतं. २०११ च्या लॅपटॉपमध्ये २०१८ ची पट्टी म्हणजे अपग्रेड झालंय. क्रिस्टलडिस्कइन्फो ड्राइव्हचं मॉडेल आणि तो किती तास चाललाय ते सांगतं. तासांचा आकडा संशयास्पद कमी वाटला तर बिल मागा, कारण हा आकडा मागे फिरवता येतो.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून, स्पेस देऊन, ‘स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ टाका. मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारीशेजारी दिसतात. स्क्रीनसाठी सॉफ्टवेअर लागतच नाही. एक्स २२० टीएन आणि आयपीएस अशा दोन्ही पॅनेलमध्ये यायचा. खालून, बाजूने बघा. रंग उलटेपालटे झाले तर टीएन.

शेवटी स्क्रूंकडे बघा. खाचा घासल्या असतील तर मशीन उघडलं गेलंय. उघडणं हा गुन्हा नाही, पण कशासाठी उघडलं ते कळायला हवं.

मग भाव करा

अपग्रेड झालेला लॅपटॉप वाईट नसतो; उलट, एसएसडी टाकलेला एक्स २२० नोट्स, रिपोर्ट आणि साध्या कोडिंगला मस्त पुरतो. प्रश्न एवढाच, की ज्याचे पैसे मागतायत ते आत आहे का. आणखी एक. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कुणी ‘विंडोज ११ टाकून दिलंय’ म्हणालं, तर ते अटी चुकवून टाकलेलं आहे. लिनक्स वापरायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

तपासायला सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. विकणारा तेवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर पुढच्या दुकानात चला.