तिसरा साचा

लोअर परळला कमला मिलच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत. तिथे दिवसभर टिंग-टिंग वाजतं ते मेलचं.

पूर्वी इथे गिरणी होती, तेव्हा साच्यावर, म्हणजे मागावर, ताण्याचा धागा तुटला की साचा थांबायचा. विणकर गाठ मारून तो पुन्हा चालू करी. वेळ तर जाईच. शिवाय थांबलेला साचा सुरू होताना ताण थोडा बदलतो आणि कापडावर आडवी पट्टी उमटते. गाठ दिसली नाही तरी पट्टी दिसते.

मनावर उमटणाऱ्या अशाच पट्टीचा अभ्यास संशोधक सोफी लरॉय यांनी केला. काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि हातातलं काम घसरतं, असं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. मेल वाचायला अर्धं मिनिट लागलं, म्हणून अर्ध्याच मिनिटाचं नुकसान झालं असं नाही.

१९२८ मध्ये विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. त्याविरुद्धच्या संपात मुंबईतल्या गिरण्या एप्रिल ते ऑक्टोबर बंद होत्या. आपल्यावर तिसरा साचा कधी चढला, हे मात्र आपल्याला कळलंही नाही. तो खिशातच असतो ना!

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्यांदा. तीन वेळांच्या आठवड्यात ताण कमी जाणवला. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. तीन हा आकडा काही मंत्र नव्हे. बँकेत ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्याला तो परवडणारही नाही. पण मेल पाठवणारा दारात ताटकळत उभा नसतो, एवढं तरी खरं. टिंग बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही.

साहेबांचा फोन मात्र घ्यावाच लागतो. त्यासाठी लरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी २०१८ मध्ये एक सोपी युक्ती तपासली: उठण्याआधी, कुठे थांबलो आणि परतल्यावर आधी काय करायचं, ते लिहून ठेवायचं. तसं करणाऱ्यांचं लक्ष मध्येच आलेल्या कामात कमी विखुरलं. ‘तिसऱ्या तक्त्याची बेरीज पुन्हा बघायची’, एवढं पाठकोऱ्या कागदावर खरडलं तरी पुरे.