उष्माघात : पहिला अर्धा तास

लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात होळी सरली की ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नित्याचेच ठरते. नांगरट, तुरीची धसकटे वेचणे, रोजगार हमीची कामे आणि लग्नसराई हीदेखील नेमकी याच दिवसांतील. हवा कोरडी असल्याने घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. अंगातून किती पाणी गेले, याची जाणीव राबणाऱ्यास होत नाही.

तथापि केवळ पाऱ्यावर विसंबणे योग्य नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्या मैदानात जमलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी तेथील तापमान सुमारे ३८ अंश होते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. निलंग्याकडील हवा कोरडी असली, तरी पत्र्याच्या मंडपात दाटीने बसलेल्या वऱ्हाडाभोवती ती अशीच कोंडते.

‘ऊन लागले’ असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. परंतु त्यात दोन भिन्न अवस्था सामावलेल्या आहेत. पहिलीत थकवा, पायात गोळे, मळमळ, भोवळ ही लक्षणे दिसतात; भान मात्र शाबूत असते. सावली, विसावा, मीठ-साखरेचे पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे यांनी माणूस सावरतो. दुसरी अवस्था म्हणजे खरा उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते व भान सुटते. रोगी असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, त्यास झटके येतात. अंग कोरडे व तापलेले असते, हे बहुतेकांस ठाऊक आहे. पण कष्टकऱ्याचे अंग घामाने भिजलेले असतानाही उष्माघात होतो. म्हणून त्वचेपेक्षा भानाकडे लक्ष द्यावे. अशा माणसास दारू प्यालेला किंवा बाहेरची बाधा झालेला समजून झाडाखाली पडू दिले जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो.

हा वेळ जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. दूरच्या वाडीवरून निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचण्यातच तो निघून जाईल. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून, ती येईपर्यंत जागीच रोग्याचे अंग थंड करावयास हवे. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतीत राहावे व उपरण्याने जोराचा वारा घालावा. लग्नघरी बर्फ असतोच. तो फडक्यात गुंडाळून मान, काखा व जांघा येथे ठेवावा. वाहनातही हे थांबवू नये.

भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी वा पन्हे घालू नये. ते श्वासनलिकेत उतरते. त्यास कुशीवर निजवावे. तापाची गोळी येथे निरुपयोगी ठरते, कारण हा ताप रोगजंतूंचा नव्हे. खिशातील कांदा निरुपद्रवी खरा. परंतु तो तळव्यांस चोळीत बसण्याइतकी सवड नसते.

वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि उन्हाची सवय नसलेले नवे मजूर यांना धोका अधिक. नव्या मजुरास सवय होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात; तोवर त्यास हलके काम द्यावे. ग्रामपंचायतीने कामाच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या ठेवाव्यात आणि पिण्याच्या पाण्याखेरीज अंगावर ओतण्यासाठी पाण्याचे एक पिंप कामावर वेगळे भरून ठेवावे.