नाचणे हाही एक निषेध

लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आपण सारेच नाचतो. त्याबद्दल कोणी तुरुंगात टाकील, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु रस्त्यावर नाचणे हाच ज्यांचा गुन्हा ठरला, अशीही माणसे आहेत.

आपले जालना एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१९ साली या संस्थानाने हिजड्यांची नोंद ठेवणारा कायदा केला. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसली, नाचली किंवा तिने वाद्य वाजवले, तर वॉरंटवाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातही असेच कलम होते. हैदराबादचा तो कायदा तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने रद्द केला, तो थेट २०२३ साली.

राज्यकर्त्यांना नाचाची एवढी धास्ती का वाटावी? मला वाटते, कारण साधे आहे. एकट्या माणसाला लपता येते. नाचणारा लपत नाही. आणि दहाजण एका ठेक्यावर नाचू लागले की 'असा जगात मी एकटाच' हा समज गळून पडतो. ज्यांना एकटे पाडूनच दाबले जाते, त्यांच्या संघटनेचा आरंभ तिथे होतो.

न्यूयॉर्कमधील 'स्टोनवॉल इन' ही अशीच जागा. समलिंगी माणसांना एकमेकांबरोबर नाचता येई, असा तो बार होता. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांची धाड पडली. पण त्या रात्री गिऱ्हाइके निमूटपणे घरी गेली नाहीत, प्रतिकारास उभी राहिली. पुढल्या वर्षी त्याच दिवशी मोर्चा निघाला. आपल्याकडे १९९९ मध्ये कोलकात्यात आणि २००८ मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत अशा मिरवणुका निघाल्या.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तमाशातला नाच्या आपण डोक्यावर घेतला, परंतु फडाबाहेर त्याची टवाळीच केली. गणपत पाटलांसारख्या थोर नटालाही ती चुकली नाही. भरतनाट्यम् शिकलेल्या आणि डान्स बारमध्येही नाचलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी पुढे तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. २०१४ साली न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि २०१८ साली समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले.

कायदा बदलला, माणसे बदलली का? आमच्या नवीन जालन्यात घरी बाळ जन्मले की तृतीयपंथीयांनी नाचून आशीर्वाद द्यावा, अशी इच्छा असते. पण त्यांना बसायला पाट देणारी घरे किती? बायकी चालीच्या मुलाला 'नाच्या' म्हणून हिणवणे आजही कानी पडते. 'नाच्या' ही शिवी वाटेनाशी होईल, तेव्हाच ही लढाई खऱ्या अर्थाने जिंकली, असे मी म्हणेन.