बारा खोल्या, एक देवडी

जालन्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात खोल्या बारा, पण देवडी एकच. देवडीवरच्या काकांनी ओळखल्याखेरीज पाहुणा आत येत नसे. संगणकाच्या नोकरीत मला त्यांची फार आठवण झाली.

आमच्या कचेरीचे बारा प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या निरनिराळ्या डब्यांत, गूगलने २०१४ साली जगाला खुल्या केलेल्या ‘कुबरनेटीस’च्या देखरेखीखाली चालत. प्रत्येकाला निराळा पासवर्ड. एक गृहस्थ नोकरी सोडून गेले. अकरा ठिकाणचे नाव खोडले, बारावे राहिले. सहा महिने ते दार उघडेच! नशीब, गृहस्थ सज्जन.

मग आम्ही दाराशीच देवडी बांधली. आलेल्याला ती ओळख पटवणाऱ्या एकाच ठिकाणी धाडते. तिथे पासवर्ड दिला की सहीशिक्क्याची, ठराविक मुदतीची चिठ्ठी मिळते. ‘ओपनआयडी कनेक्ट’ हा त्याचा २०१४ पासूनचा रिवाज. देवडी सही नि मुदत पारखूनच आत सोडते. आता नाव एकदाच खोडायचे; जुनी चिठ्ठी मुदत संपताच बाद!

मात्र किल्ली एकच, ती हरवली तर बाराही खोल्या गेल्या. म्हणून पासवर्डाच्या जोडीला मोबाइलवरचा आकडाही मागतो. शिवाय आतल्या खोल्यांना बजावले आहे, चिठ्ठी तुम्हीही तपासा. काकासुद्धा जेवायला जातच असत की!