कानात पाणी जाऊ द्या

अंबड तालुक्यातल्या आमच्या विहिरीत पोरांची पैज लागायची: सूर मारायचा, तळ गाठायचा आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. तळाशी पोचेपर्यंत कानात कळ उठायची. वर आलं की सगळे एकमुखाने म्हणायचे, ‘कानात पाणी गेलं.’ तीच भीती मनात धरून आजही जालन्याहून मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी निघालेली माणसं पिशवीत कापसाचे बोळे आणि रबरी बुचं टाकतात. ती घरीच ठेवा, असं अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

बाहेरून आलेलं पाणी कानाच्या पडद्यापाशी अडतं. पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. समुद्रात १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, तीच हवा निम्म्या जागेत मावते आणि पडदा आत दबतो. कळ येते ती यामुळे; दोन पुरुष खोल विहिरीतही ती जाणवते. बूच लावलं तर बूच आणि पडद्याच्या मध्ये हवेचा आणखी एक कप्पा कोंडला जातो. तिथे हवा पोचवायला वाटच नसते, आणि पडदा फाटायची वेळ येऊ शकते. त्यापेक्षा कानाचं भोक पाण्याने भरलेलंच बरं.

पडद्यामागच्या पोकळीला मात्र वाट आहे. नाकाच्या मागून एक बारीक नळी तिथवर जाते. आवंढा गिळताना कानात ‘टक्’ होतं, ते तिचं तोंड उघडल्यामुळे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारली की तिच्यातून हवा आत शिरते. इटलीच्या आंतोनियो वाल्साल्व्हांनी १७०४ च्या ग्रंथात ही युक्ती सांगितली, तीही कानातला पू काढण्यासाठी.

ही फुंकर पाण्यात उतरताच, दुखायच्या आधी मारायची आणि दर दोन-तीन फुटांवर पुन्हा. दडा सुटत नसेल तर जोर करू नका, हातभर वर या. पंजा आडवा धरून हलवा आणि कानाकडे बोट दाखवा, प्रशिक्षकाला कळतं. अंगठा वर केलात तर तो तुम्हाला वर नेईल, कारण पाण्याखाली त्याचा अर्थच ‘वर चला’ असा आहे. सर्दी असेल तर भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, पण उतरू नका. सुजलेली नळी उघडत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. लहानपणी कान वाहिलेला असतो आणि आपल्याकडे ते अंगावरच काढलं जातं. पडद्याला भोक राहिलं असेल तर गार पाणी आत शिरून गरगरतं, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. असा कान असेल तर निघण्याआधी जालन्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

वर आल्यावर राहिलेल्या पाण्यासाठी मान कलती करून कान मागे-वर ओढावा. काडी घालू नये, तेल तर मुळीच नको. आम्ही विहिरीच्या काठावरचा तापलेला दगड कानाला लावून एका पायावर उड्या मारायचो. मग एकदम कान मोकळा व्हायचा आणि कोमट थेंब मानेवर ओघळायचा.